ब्रिजेटमागची मेरी : मेरी लॅम्बच्या चरित्राची एक फेरमांडणी

मराठी लघुनिबंधाची पूर्वपीठिका शिकवताना चार्ल्स लॅम्ब हे नाव टाळता येत नाही. फडके, खांडेकर, काणेकर यांच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी आपण माँतेन्यपासून निघतो, लॅम्बपाशी थोडे रेंगाळतो आणि मग गार्डिनर, लिंड यांच्याकडे वळतो. हे रेंगाळणे नेहमीच वाङ्मयीन कारणासाठी असते असे नाही. लॅम्बच्या बहिणीला वेड लागले होते, त्या भरात तिच्या हातून आईची हत्या झाली आणि या भावाने लग्न न करता जन्मभर तिचा सांभाळ केला, ही हकीकत सांगितली की वर्ग क्षणभर स्तब्ध होतो. त्यानंतर 'एलिया'च्या निबंधांतील विनोदामागची करुणा समजावून देणे सोपे जाते. या कथनात भावाला त्याग मिळतो, निबंधाला करुणा मिळते. बहिणीच्या वाट्याला मात्र एक चाकू आणि एक आजार यांपलीकडे काही येत नाही. पुष्कळदा तिचे नावही घेतले जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ती बहीण आहे. मेरी लॅम्बने आपल्या आजारासह अर्धशतक कसे काढले, त्या अर्धशतकात काय लिहिले, आणि त्या आजारावरील सामाजिक कलंकाला तिने व तिच्या निकटवर्तीयांनी कसे तोंड दिले, हे पाहणे येथे अभिप्रेत आहे.

मेरीचा जन्म ३ डिसेंबर १७६४ रोजी लंडनमध्ये, कायदेपंडितांची वस्ती असलेल्या इनर टेंपलच्या आवारात झाला. वडील जॉन लॅम्ब हे सॅम्युअल सॉल्ट या वकिलाचे कारकून आणि सेवक अशा दुहेरी नात्याने काम करीत. आई एलिझाबेथ ही हर्टफर्डशरमधील ब्लेक्सवेअर येथील एका मोठ्या वाड्याची देखरेख करणाऱ्या बाईची मुलगी. सात अपत्यांपैकी तिघेच जगले : थोरला जॉन, मधली मेरी आणि तिच्याहून दहा वर्षांनी लहान असलेला चार्ल्स. आईची माया थोरल्या मुलावर होती. मेरीच्या वाट्याला ती फारशी आली नाही, आणि या उणिवेचा उल्लेख चार्ल्सच्या पत्रांत कळवळ्याने येतो. आजीही या मुलीच्या भरकटलेल्या, गोंधळलेल्या डोक्याविषयी तिला तोंडावर बोलून दाखवीत असे. सॉल्टच्या ग्रंथसंग्रहात मनसोक्त वाचायला मिळाले, हा मेरीच्या बालपणातला खरा लाभ. औपचारिक शिक्षण नाममात्र झाले. चार्ल्सला ख्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेत प्रवेश मिळाला आणि तेथे कोलरिजची मैत्री लाभली. मेरीच्या हाती सुई आली.

१७९२ मध्ये सॉल्ट मरण पावला. त्याच्या आश्रयाने मिळालेले टेंपलमधील घर सोडून कुटुंब हॉल्बर्नजवळच्या लिटल क्वीन स्ट्रीटवर भाड्याच्या जागेत आले. पुढील चार वर्षांत या घरात जे साचत गेले ते नीट पाहिल्याशिवाय १७९६ ची घटना समजत नाही. वडिलांची स्मृती ढासळत चालली होती. आईचे हातपाय जवळजवळ निकामी झाले होते आणि रात्रंदिवस तिच्या उशाशी कोणीतरी असावे लागे. म्हातारी आत्या घरातच होती. थोरला भाऊ स्वतःच्या नोकरीच्या सोयीने वेगळा राहत होता. चार्ल्स १७९२ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत हिशेबनीस म्हणून काम करीत होता, पण सुरुवातीची तीन वर्षे उमेदवारीची, बिनपगारी होती. मेरी झगे शिवण्याचे काम घेई, हाताखाली शिकाऊ मुलगी ठेवी, आणि हे काम संपले की, किंवा संपण्यापूर्वीच, आईच्या शुश्रूषेला लागे. आईच्याच बिछान्यात ती झोपत असे. अशात १७९५-९६ च्या हिवाळ्यात चार्ल्सचेच मन बिघडले आणि हॉक्स्टन येथील वेड्यांच्या खासगी आश्रमात त्याला सहा आठवडे काढावे लागले. ही बाब आपल्याकडील कथनातून सहसा गळते. तो बाहेरून मदतीला आलेला निरोगी त्राता नव्हता. त्या दारातून तो स्वतः आत जाऊन आला होता.

२२ सप्टेंबर १७९६ रोजी दुपारी जेवणाची तयारी चालू असताना मेरीने टेबलावरचा चाकू उचलला आणि ती शिकाऊ मुलीच्या मागे धावली. आई ओरडून मध्ये पडली, आणि वार तिच्यावर झाला. फेकलेल्या काट्याने वडिलांच्या कपाळाला जखम झाली. चार्ल्सने धावत येऊन तिच्या हातून चाकू हिसकावून घेतला तोवर आई गेली होती. वृत्तपत्रातील हकीकतीनुसार त्याच सकाळी तो डॉक्टरांना बोलावण्यासाठी गेला होता. ते घरी भेटले नाहीत. त्याच हकीकतीत मेरी आईशी किती प्रेमाने वागत असे हे नोंदवले आहे, कामाच्या अतिश्रमाने तिचे डोके पूर्वीही एकदा बिघडले होते असे म्हटले आहे, आणि आईबापांच्या सततच्या शुश्रूषेचा ताण हेच आताच्या उन्मादाचे कारण मानले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस एका वृत्तपत्राने भुताखेताचे किंवा दुराचाराचे नाव न घेता श्रमाचे नाव घ्यावे, हे लक्षणीय आहे. अर्थात कारण बरोबर ओळखले म्हणजे कलंक पुसला जातो असे नाही, हे पुढे दिसेलच.

कॉरोनरच्या पंचांनी कृत्य वेडाच्या भरात घडल्याचा निर्णय दिला. येथे कायद्याच्या इतिहासातील एक योगायोग ध्यानात घ्यावा लागतो. मे १८०० मध्ये ड्रुरी लेन नाट्यगृहात हॅडफील्ड नावाच्या माजी सैनिकाने तिसऱ्या जॉर्जवर गोळी झाडली. तो वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरला आणि त्यामुळे त्याच वर्षी नवा कायदा आला. त्यान्वये अशा व्यक्तीला राजाची मर्जी होईपर्यंत बंदिस्त ठेवणे बंधनकारक झाले. मेरीची घटना त्याआधी चार वर्षे घडली, म्हणून तिचे पुढे काय करायचे हे कुटुंबावर सोपवले जाऊ शकले. थोरल्या जॉनचे मत तिला इस्पितळात कायमचे ठेवावे असे होते. व्यवहाराच्या दृष्टीने ते चुकीचे होते असे त्या काळी कोणी म्हटले नसते. बावीस ओलांडलेल्या नाहीत अशा चार्ल्सने मात्र घराचा जमाखर्च मांडला. वर्षाकाठी सुमारे १७० ते १८० पौंडांच्या एकत्रित उत्पन्नातून मेरीसाठी ५०-६० पौंड बाजूला काढता येतील असे त्याने ठरवले आणि तिला इस्लिंग्टन येथील खासगी आश्रमात ठेवले. कोलरिजला लिहिलेल्या त्या आठवड्यांतील पत्रांत शोकाबरोबर हे आकडेही आहेत. त्यागाची भाषा वापरणाऱ्यांनी ते आकडे एकदा पाहावेत. पुढील निर्धाराला या हिशेबाचा आधार नसता तर तो किती टिकला असता, याची शंका येते.

मेरी शुद्धीवर आली तेव्हा तिला काय घडले ते पूर्णपणे ठाऊक होते. ती कोसळली नाही. आश्रमातून तिने भावाला कळवले की तिला भयंकर स्वप्ने पडत नाहीत. मध्यरात्री परिचारिका झोपलेली असते तेव्हा आई खाली उतरून आपल्याकडे हसून पाहते आणि देवाने दिलेले आयुष्य व बुद्धी यांचा उपभोग घे असे सांगते, असा तिला भास होतो. यात मनाने स्वतःच्या रक्षणासाठी रचलेली कल्पना कोणी पाहील, कोणी धार्मिक श्रद्धा पाहील. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की मेरीने अपराध आणि आजार यांत भेद केला, आणि तो आयुष्यभर टिकवला.

१७९७ मध्ये तिला हॅकनी येथे वेगळी जागा घेऊन ठेवण्यात आले. रविवार आणि सुट्ट्या चार्ल्स तेथे घालवी. वडील हयात असेतो तिला घरी आणणे शक्य नव्हते. एप्रिल १७९९ मध्ये ते वारले आणि मग तिच्या सांभाळाची कायमची जबाबदारी स्वीकारून चार्ल्सने तिला घरी आणले. पुढील पस्तीस वर्षे दोघे एकत्र राहिले. पण घर म्हणजे चार भिंती नव्हेत, भोवतीचे शेजारीही असतात. मे १८०० मध्ये त्यांची म्हातारी मोलकरीण हेटी मरण पावली. त्या धक्क्याने मेरीला पुन्हा झटका आला, तिला आश्रमात पोहोचवावे लागले आणि चार्ल्स त्या घरात मृतदेहाबरोबर एकटा राहिला. पेंटनव्हिलमध्ये त्यांचे घर आता ओळखले जाऊ लागले होते. लोक त्याकडे बोट दाखवीत. त्यांना जागा बदलावी लागली. गच या शाळासोबत्याने, मेरीचा आजार ठाऊक असूनही, चॅन्सरी लेनजवळ तीन खोल्या देऊ केल्या. वर्ष उलटण्याच्या आत तेथूनही निघून जाण्याचा सूचक निरोप मिळाला. १८०१ मध्ये दोघे पुन्हा टेंपलच्या आवारात, मायटर कोर्ट बिल्डिंग्जमध्ये वरच्या मजल्यावर राहायला आले. लंडनच्या मध्यभागाशिवाय आपल्याला कोठे एकांत मिळणार नाही, असे चार्ल्सने एका मित्राला कळवले आहे. लॅम्बच्या महानगरप्रेमाची चर्चा समीक्षक आवडीने करतात. वर्डस्वर्थच्या डोंगरांपेक्षा त्याला लंडनच्या गल्ल्या प्रिय होत्या, यामागे रुचिभिन्नता होती यात संशय नाही. परंतु खेड्यात ज्याचे त्याला सगळे ठाऊक असते आणि गर्दीत बोट दाखवणारा हात हरवून जातो, ही गोष्टही त्या प्रेमात मिसळलेली होती, असे मला वाटते.

आजार बरा झाला नाही. बहुधा दरवर्षी, कधी वर्षातून दोनदा, तो परत येई आणि काही आठवडे ते काही महिने टिके. प्रवास, जागरण, जवळच्या कोणाचा मृत्यू, पाहुण्यांची वर्दळ ही निमित्ते दोघांच्या परिचयाची झाली होती. झोप उडणे, बोलण्याचा वेग वाढणे ही पूर्वचिन्हे मेरी स्वतः ओळखीत असे. झटक्याच्या काळात ती राणी ॲनच्या काळातील दरबारी स्त्रियांमध्ये वावरत असल्यासारखी बोले आणि ते बोलणे तुटक असूनही झगमगते असे, असे तिच्या परिचितांनी लिहून ठेवले आहे. नंतर दीर्घ उदासीनता येई. आजच्या मनोविकारशास्त्रात याला द्विध्रुवी विकार म्हणतील असे अलीकडच्या चरित्रकारांचे मत आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या रुग्णाचे निदान पत्रांवरून करण्यात धोका आहे, तरी लक्षणांचा क्रम त्या दिशेने जातो हे खरे. औषध म्हणून तेव्हा फारसे काही नव्हते. जे होते ते शिस्तीचे होते. चिन्हे दिसू लागली की चार्ल्स कचेरीतून रजा घेई आणि दोघे पायी आश्रमाकडे निघत. एकदा हॉक्स्टनच्या वाटेवर एका मित्राने त्यांना पाहिले : दोघे हातात हात घालून रडत शेतांतून चालले होते. परगावी जाताना सामानात हात बांधून ठेवण्याचा लांब बाह्यांचा अंगरखा असे, आणि तो मेरी स्वतः भरून घेई. या तपशिलावर भावुकतेचा मुलामा चढवू नये. दमेकऱ्याने औषध बरोबर ठेवावे तशी ही तजवीज होती, आणि तीत रुग्णाची संमती होती. १८१५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे वेड्यांच्या इस्पितळांतील साखळदंडांची जी वर्णने आली त्यांच्या शेजारी ही संमती ठेवून पाहिली म्हणजे तिचे वेगळेपण कळते.

या संमतीमागचा विचार मेरीने एका पत्रात मांडला आहे आणि तो मला तिच्या सर्व लेखनात मोलाचा वाटतो. सेरा स्टोडार्ट ही तिची मैत्रीण, पुढे हॅझलिटची पत्नी. १८०५ मध्ये सेराच्या आईचे मन बिघडले. मेरीने तिला धीर देताना स्वतःच्या अनुभवाचा आणि आश्रमात केलेल्या निरीक्षणाचा उघड हवाला दिला. वेडाच्या भरात माणूस ज्या दुःखांची बडबड करतो ती त्याला शुद्धीतल्या माणसाइतकी बोचत नाहीत, म्हणून तू फार कष्टी होऊ नकोस, असे ती सांगते. मात्र तिला मायेने वागवले जाते आहे की नाही, एवढीच काळजी अखंड घे, कारण या अवस्थेतील माणूस वागणुकीच्या बाबतीत विलक्षण हळवा असतो आणि हे जवळजवळ कोणालाच ठाऊक नसते; पगारी परिचारिकेला तर, ती एरवी कितीही भली असली तरी, कधीच नाही. रुग्णाला काही कळत नाही, या गृहीतकावर त्या काळातील बहुतेक उपचार उभे होते. त्याला आतून आलेले हे उत्तर आहे. विल्यम ट्यूक या क्वेकर गृहस्थाने यॉर्क येथे मायेच्या वागणुकीवर आधारलेले 'रिट्रीट' १७९६ मध्ये, म्हणजे मेरीच्या हातून हत्या घडली त्याच वर्षी, उघडले, हे खरे. परंतु तो विचार बाहेरून, उपचार करणाऱ्याच्या बाजूने आला. मेरीचा विचार ज्याच्यावर उपचार होतात त्याच्या बाजूचा आहे, आणि तो प्रसिद्धीसाठी नव्हे तर एका घाबरलेल्या मुलीसाठी लिहिलेला आहे.

दोन झटक्यांच्या मधल्या काळात मेरी लेखिका झाली. विल्यम गॉडविन आणि त्याची पत्नी यांनी मुलांच्या पुस्तकांचे दुकान काढले होते. त्यांच्यासाठी शेक्सपिअरच्या नाटकांच्या गोष्टी लिहिण्याचे काम १८०६ मध्ये मेरीकडे आले. वीस गोष्टींपैकी चौदा तिने लिहिल्या. सुखात्मिका आणि अद्भुतरम्य नाटके तिच्याकडे होती. उरलेल्या सहा शोकात्मिका चार्ल्सने लिहिल्या. दोघे एकाच टेबलाशी बसून लिहीत. ती तपकीर ओढत असे आणि तो हे जमत नाही म्हणून कण्हत असे आणि लिहून झाल्यावर काहीतरी जमले म्हणे, असे गमतीदार वर्णन तिने केले आहे. 'टेल्स फ्रॉम शेक्सपिअर' १८०७ च्या आरंभी दोन भागांत निघाले तेव्हा मुखपृष्ठावर एकट्या चार्ल्सचे नाव होते. त्याने वर्डस्वर्थला लगेच पत्र लिहून कोणत्या गोष्टी कोणाच्या हे कळवले; वाचकांना मात्र ते कळले नाही. नाव वगळण्याचे खापर पूर्णपणे वेडाच्या कलंकावर फोडणे घाईचे ठरेल, कारण त्या काळी स्त्रीने निनावी लिहिणे ही रूढीच होती. पण १७९६ ची हकीकत ठाऊक असलेल्या एखाद्या पालकाने हत्यारीण बाईने लिहिलेले पुस्तक आपल्या मुलांच्या हाती दिले असते का, हा प्रश्नही बाजूला सारता येत नाही. इंग्रजी अंमलाखालील शाळांतून भारतातल्या कित्येक पिढ्यांना शेक्सपिअर प्रथम भेटला तो या गोष्टींतून. त्या पिढ्यांनी 'लॅम्बच्या गोष्टी' म्हटले तेव्हा त्यांच्या मनात एकच लॅम्ब होता.

'मिसेस लीस्टर्स स्कूल' (१८०९) या संग्रहात नव्याने शाळेत आलेल्या दहा मुली आपापली हकीकत सांगतात. त्यांतील सात गोष्टी मेरीच्या. पहिल्या गोष्टीतील एलिझाबेथ व्हिलियर्स ही धर्मगुरूची मुलगी आईच्या थडग्यावर कोरलेल्या अक्षरांवरून वाचायला शिकते. आईचे आणि तिचे नाव एकच. ही मुलगी थडग्याला भीत नाही. तिच्या दृष्टीने ती रोज बसायची ओळखीची जागा आहे. खलाशी मामा परत येतो, बहिणीचे थडगे पाहून कोसळतो, आणि मोठ्यांचे दुःख काय असते हे मुलीला प्रथमच कळते. मेरीच्या आईचे नावही एलिझाबेथ होते. चरित्र आणि साहित्यकृती यांत अशा सरळ रेषा ओढण्याचा मोह चरित्रात्मक समीक्षेला नेहमी महागात पडला आहे, म्हणून मी एवढेच नोंदवतो की, जिने आईविषयी समाजात कधी बोलू नये अशी अपेक्षा होती, तिने मुलांच्या गोष्टीत आईच्या मृत्यूपासूनच आरंभ केला, आणि भय न दाखवता केला. त्याच वर्षी 'पोएट्री फॉर चिल्ड्रन' हा दोघांचा बालकवितासंग्रह निघाला. त्याच्या गुणवत्तेविषयी फार सांगण्यासारखे नाही.

१८१५ मध्ये एका स्त्रियांच्या मासिकात 'सेंप्रोनिया' या टोपणनावाने तिचा शिवणकामावरचा निबंध आला. आपण उमेदीच्या काळात अकरा वर्षे सुईवर पोट भरले, असे ती आरंभीच सांगते. ज्या स्त्रियांना कमाईची गरज नाही त्यांनी घरी फुकट शिवत बसू नये, त्यामुळे पोटासाठी शिवणाऱ्या स्त्रियांचे काम जाते. शिवणाची मजुरी हिशेबात धरली तर घरातल्या बाईचा किती वेळ कशावर खर्च होतो हे दिसेल. पुरुषाला घर ही विसाव्याची जागा असते, स्त्रीला तसा विसावा कोठेच नसतो, असा तिचा युक्तिवाद आहे. स्त्रियांच्या श्रमांवरील आरंभीच्या लेखनात या निबंधाची गणना व्हायला हवी. त्यात वेडाचा शब्द नाही. पण लिटल क्वीन स्ट्रीटवरील त्या घराची ओळख झालेल्या वाचकाला हे लेखन वेगळे वाटते. आपल्या आजाराची सामाजिक मीमांसा मेरीने येथे केली आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नसावी.

या काळात तिच्या घरी बुधवारी, पुढे गुरुवारी, मित्रमंडळ जमे. थंड मांस, बिअर, पत्त्यांचा डाव आणि मध्यरात्रीपर्यंत चालणाऱ्या गप्पा. हॅझलिट, गॉडविन, क्रॅब रॉबिन्सन आणि लंडनला आले की कोलरिज, वर्डस्वर्थ ही मंडळी येत. स्त्रियांविषयी फारसे चांगले न बोलणाऱ्या हॅझलिटला पूर्णपणे विवेकी अशी एकच स्त्री भेटली होती आणि ती मेरी लॅम्ब, हे त्याचे मत त्याच्या मित्रांनी नोंदवले आहे. हॅझलिटला तिचा सर्व इतिहास ठाऊक होता. त्याने विवेकी हा शब्द दयेपोटी वापरलेला नाही. या मंडळीने आजाराला आजार म्हणून ओळखले, आणि मेरी परत आली की पत्त्यांच्या टेबलाशी तिची जागा तिला दिली. वय वाढल्यावर शिकलेले लॅटिन ती मित्रांच्या मुलांना शिकवी. तिच्या विद्यार्थिनींपैकी मेरी व्हिक्टोरिया नॉव्हेलो हिने पुढे काउडन क्लार्क या नावाने शेक्सपिअरची शब्दसूची तयार केली. एमा आयसोला या पोरक्या मुलीला दोघांनी घरी आणून वाढवले. वेड्या बाईच्या घरी आपली मुले शिकायला पाठवणारे पालक होते, ही गोष्ट पेंटनव्हिलच्या शेजाऱ्यांइतकीच नोंदण्यासारखी आहे.

तथापि या वर्तुळाच्या बाहेर कलंक होताच. १८१९ मध्ये चार्ल्सने फॅनी केली या अभिनेत्रीला लग्नाची मागणी घातली. ते पत्र वाचले म्हणजे त्याने ब्रह्मचर्याचे व्रत घेतले होते ही आपली समजूत गळून पडते. शिवाय ती मागणी त्याने एका अर्थी दोघांच्या वतीने घातली होती. नकार त्याच दिवशी आला. कारण तिने त्याला सांगितले नाही. बहिणीला लिहिलेल्या खासगी पत्रात त्या घरातील मानसिक अनिश्चिततेचा उल्लेख केला. तिला दोष देता येणार नाही, कारण अनिश्चितता खरी होती. १८२२ मध्ये भाऊबहीण फ्रान्सला गेली तेव्हा आमियाँ येथेच मेरीला झटका आला. बरी झाल्यावर मात्र ती हट्टाने पॅरिस पाहून आली. चार्ल्सचे मद्यपान या वर्षांत वाढत गेले. मेरी त्यावर पत्रांतून काळजी व्यक्त करते आणि आपल्यामुळे तो पितो की काय, असे स्वतःला विचारते. सांभाळ एकतर्फी नव्हता. निरोगी महिन्यांत घर, पैसे, पाहुणे आणि चार्ल्सची ढासळणारी मनःस्थिती हे सगळे मेरी पेलीत होती.

'एलिया'चे निबंध १८२० पासून 'लंडन मॅगझिन'मध्ये येऊ लागले. त्यांत मेरी ब्रिजेट एलिया या चुलतबहिणीच्या नावाने वावरते. 'ओल्ड चायना'मध्ये ती गरिबीच्या दिवसांची आठवण काढते, जेव्हा एखादे जुने पुस्तक घ्यावे की नाही यावर आठवडेच्या आठवडे खल होत असे; 'मॅकरी एण्ड'मध्ये ती आजोळच्या नातेवाइकांच्या दारात आधी धीटपणे शिरते. ब्रिजेट वाचनवेडी आहे, वाद घालणारी आहे, संकटात खंबीर आणि क्षुल्लक प्रसंगी गोंधळणारी आहे. आजारी ती नाही. हे लपवणे म्हणावे काय? वाचकांपासून लपवणे आहेच. पण आजार वजा केल्यावर काही उरत नाही, अशा रीतीने ज्या माणसाकडे जग पाहते त्याचे आजाराशिवायचे पूर्ण चित्र कोणीतरी काढावे लागते. चार्ल्सने ते काढले. आपल्या वर्गांत ते चित्र शिकवताना आपण पुन्हा चाकू आणून ठेवतो, यातला विरोधाभास शिक्षकांनी जरूर विचारात घ्यावा.

१८२५ मध्ये तेहतीस वर्षांच्या नोकरीनंतर चार्ल्सला निवृत्तिवेतन मिळाले. पण शांतता लाभली नाही. मेरीचे झटके लांबत चालले. दोघे आधी एन्फील्डला आणि १८३३ मध्ये एडमंटन येथे, जेथे मेरीची रुग्ण म्हणून व्यवस्था होती त्याच घरात, राहायला गेले. त्याच वर्षी एमाचे लग्न झाले. डिसेंबर १८३४ मध्ये रस्त्यात पडून झालेली किरकोळ जखम चिघळली आणि २७ तारखेला चार्ल्सचे निधन झाले. मेरी तेव्हा आजारी होती. भाऊ गेल्याचे तिला कळले, पण त्याचा पूर्ण अर्थ उमगायला वेळ लागला. कंपनीच्या कचेरीकडून तिला वर्षासन सुरू झाले. पुढे साडेबारा वर्षे ती जगली. शेवटची काही वर्षे सेंट जॉन्स वुड येथे एका परिचारिकेच्या घरी गेली. २० मे १८४७ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी तिचा मृत्यू झाला.

तोवर मित्रांनी मौन पाळले होते. चार्ल्सचा पहिला चरित्रकार टाल्फर्ड याने १८३७ मध्ये पत्रे प्रसिद्ध करताना १७९६ ची घटना पूर्णपणे वगळली, कारण मेरी हयात होती. पन्नास वर्षे लंडनच्या साहित्यवर्तुळातील इतक्या बोलघेवड्या माणसांनी एक गोष्ट जपली, हे असाधारण आहे. तिच्या मृत्यूनंतर १८४८ मध्ये त्याने 'फायनल मेमोरियल्स' काढून सर्व सांगितले. त्याचा हेतू चार्ल्सची थोरवी प्रकट करण्याचा होता, आणि आपल्याकडे आलेले त्यागाचे कथन त्याच ग्रंथातून आले आहे. उलट बाजूने कार्लाइलच्या १८८१ मध्ये निघालेल्या आठवणींत लॅम्बच्या विनोदाला पातळ केलेल्या वेडाची उपमा दिलेली आढळते. स्तुती आणि निंदा या दोहोंनी मेरीला बाजूलाच ठेवले. तिचे पहिले स्वतंत्र चरित्र ॲन गिलख्रिस्ट या लेखिकेने १८८३ मध्ये लिहिले. 'टेल्स फ्रॉम शेक्सपिअर'च्या मुखपृष्ठावर तिचे नाव येण्यास त्याआधी, चार्ल्सच्या मृत्यूनंतरची १८३८ ची आवृत्ती निघावी लागली. पुस्तकाला तेव्हा एकतीस वर्षे झाली होती आणि मेरी ७३ वर्षांची होती. एडमंटनच्या चर्चच्या आवारात भावाच्याच थडग्यात तिला पुरले आहे.